चौदा बाय नऊ

किशोर गांगुर्डेनं सहा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या सगळ्यांचे ग्राफ मोठे करून ठेवले आणि का केले ते कुणालाही सांगितलं नाही. आता माणूस एखादी गोष्ट सांगत नाही म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार, असं आपल्याला लगेच वाटतं. तसं काही नव्हतं. उलट, इतकं चांगलं काम आपण आयुष्यात दुसरं केलं नाही, अशी त्याची स्वतःची समजूत होती. त्या समजुतीचीच ही गोष्ट.

ऑफिस पाऊसपाण्याचं. इंदिरानगरच्या अलीकडे, बोगद्याजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. जिल्ह्यात ठिकठिकाणी यांनी पाऊस मोजायची यंत्रं बसवलेली, त्यांचे आकडे दर पंधरा मिनिटांनी इथं येऊन पडायचे. ऑफिसातली अकरा माणसं त्या आकड्यांचे ग्राफ काढायची आणि द्राक्षबागायतदारांपासून कारखान्यांपर्यंत ज्यांना हवेत त्यांना अहवाल पाठवायची. सगळं काम नोटबुकात. नोटबुक म्हणजे वही नव्हे हो. संगणकावरचं एक पान असतं, वर चार ओळी कोड लिहायचा, खाली ग्राफ उमटतो. अशी दोनेकशे नोटबुकं ऑफिसच्या सर्व्हरवर होती, आणि त्या सर्व्हरची देखभाल किशोरकडे.

त्या सर्व्हरवर एक चिमुकली फाइल होती. कुणीही कुठलंही नोटबुक उघडलं की आधी ती चालायची, गुपचूप, उघडणाऱ्याला पत्ताही न लागता. तिच्यात एकदा लिहून ठेवलं की ग्राफ अमुक मापाचे, की सगळ्यांच्या सगळ्या नोटबुकांत ग्राफ त्याच मापाचे. कुणी आपल्या नोटबुकात मुद्दाम वेगळं माप लिहिलं तर त्याचं खरं, काहीच नाही लिहिलं तर किशोरचं खरं. मूळचं माप सहा बाय चार, पोस्टकार्डाएवढं. किशोरनं ते केलं चौदा बाय नऊ. पडदा भरून उरेल एवढं. आणि त्या ओळीच्या डोक्यावर चक्क मराठीत टीप लिहून ठेवली: ‘ही ओळ बदलू नये. का, ते विचारू नये. – कि. गां.’

झालं! ऑफिसात थट्टा सुरू झाली ती सहा वर्षं थांबली नाही. अहवालात ग्राफ घालायचा तर प्रत्येकाला आपल्या नोटबुकात पुन्हा लहान माप लिहावं लागायचं, त्यामुळे लोक वैतागायचे, आणि वैताग चेष्टेत काढायचे. पूजा नावाची इगतपुरीची पोरगी दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागली, तिनं पहिल्याच दिवशी ग्राफ बघितला आणि म्हणाली, “काका, ह्याच्यावर पापड वाळत घालता येतील की!” सगळं ऑफिस हसलं. किशोरही हसला. हसण्यावारी नेणं त्याला बरं जमायचं, कारण खरं कारण त्याला माहीत होतं आणि ते कारण त्याच्यापासून तीन टेबलं सोडून बसायचं.

मैना अहिरे. सटाण्याची बाई, लग्न होऊन नाशकात आलेली. तिचं काम ग्राफ डोळ्यांनी तपासायचं. यंत्र बिघडलं, पाला अडकला, कावळ्यानं घरटं केलं की आकडे खोटे येतात, आणि ते खोटे आकडे यंत्राला कळत नाहीत, माणसालाच कळतात. मैनाला ते कळायचं. रेघेवर नुसती नजर टाकून ती म्हणायची, “पेठच्या यंत्रात काहीतरी बसलंय,” आणि माणूस पाठवला की खरंच काहीतरी बसलेलं निघायचं. कंत्राटाची नोकरी, दर मार्चला नूतनीकरण. डोळे हेच तिचं भांडवल.

आणि सहा वर्षांपूर्वी, श्रावणात, ते डोळे गेले असं किशोरनं पाहिलं.

पाहिलं म्हणजे काय, तर दुपारी सगळे जेवायला उठले की ती उठायची नाही. चष्मा काढून ठेवायची आणि तोंड पडद्याला जवळजवळ टेकवायची. डोळे लालभडक. टेबलावर थेंबांची बाटली. ओढणीचं टोक सारखं डोळ्यांना. किशोर सर्व्हरच्या खोलीतून काचेआडून बघायचा. मग एक दिवस त्यानं सहज इगतपुरीचे आकडे चाळले, तर अकरा दिवस पाऊस शून्य! इगतपुरीला! श्रावणात! तिथं त्या दिवसांत सुकायला टाकलेला टॉवेल आठवडाभर वाळत नाही, आणि ग्राफवर सरळ आडवी रेघ. यंत्र बंद पडलं होतं, शाळकरी मुलालाही कळलं असतं. मैनानं अकरा दिवस त्या रेघेखाली ‘ठीक’ असा शेरा मारला होता.

किशोरनं गुपचूप माणूस पाठवून यंत्र दुरुस्त करवलं, आकड्यांजवळ खुलासा लिहिला, मैनाचे शेरे पुसले. आणि त्याच दुपारी त्या चिमुकल्या फाइलीत चौदा बाय नऊ लिहिलं.

एकट्या तिच्यासाठी मोठं करता आलं असतं. पण मग तिला कळलं असतं की ह्याला कळलंय. किशोरचे वडील एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एक दिवस मालकानं दहा माणसांत विचारलं, “अहो गांगुर्डे, दिसत नाही का तुम्हाला?” वडील संध्याकाळी घरी आले, चष्मा कपाटात ठेवला आणि पुन्हा कामावर गेले नाहीत. पुढे सोळा वर्षं जगले, खिडकीशी बसून. तेव्हापासून किशोरनं कानाला खडा लावला होता: माणसाला असं काही विचारायचं नाही. जे करायचं ते न बोलता करायचं. म्हणून सगळ्यांचेच ग्राफ मोठे केले, एकीसाठी केले हे कुणाला दिसू नये म्हणून.

आणि उपाय लागू पडला की! त्यानंतर मैनाकडून एक चूक झाली नाही. हळूहळू थेंबांची बाटली टेबलावरून गेली, डोळे निवळले. किशोर संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना तिच्या इमारतीवरून जायचा, कारण दोघांची घरं इंदिरानगरात दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि तिच्या खिडकीतला दिवा बघून त्याला बरं वाटायचं. तिथं नवरा असेल, कुकरची शिट्टी होत असेल, टीव्ही चालू असेल. नवरा औषध कंपनीत, सारखा दौऱ्यावर असतो असं ती सांगायची. स्वतः किशोरचं लग्न राहूनच गेलं होतं. वडिलांचं करता करता चाळिशी उलटली आणि मग कुणी विषयच काढला नाही. घरी गेल्यावर एका माणसाचा मेसचा डबा, त्यातली अर्धी भाजी सकाळसाठी. सुट्टीत तर असं व्हायचं की शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या वॉचमनला “येतो” म्हटल्यानंतर सोमवारी सकाळी पूजाला “काय गं” म्हणेपर्यंत तोंडातून एक शब्द गेलेला नसायचा. सोमवारी पहिला शब्द घोगरा निघायचा. असल्या माणसाला आपण कुणाच्यातरी उपयोगी पडतोय, एवढं पुरतं. चौदा बाय नऊ हा त्याचा देव्हारा होता म्हणा ना.

यंदा ऑफिसला नवे प्रमुख आले. राज त्यांचं नाव, वय बत्तीस, हुशार, आणि मुख्य म्हणजे माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी किशोरला बोलावलं.

“गांगुर्डेसर, हे ग्राफ एवढे मोठे का?”

“पहिल्यापासून आहेत,” किशोर म्हणाला.

“पण आता लोक अहवाल फोनवर बघतात. सगळीकडे एकच माप करू. आठ बाय पाच. तुमची ती फाइल आहे ना, तिच्यात एक ओळ बदलायची.”

किशोर म्हणाला सर्व्हर जुना आहे, त्या फाइलीला हात लावला तर काय काय बंद पडेल सांगता येत नाही. ही शुद्ध थाप. राज हसून म्हणाले, “मी माझ्या लॅपटॉपवर करून बघितलं, सर. दहा सेकंद लागतात.”

मग किशोरनं दुसरी थाप मारली, आणि ती मारताना वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. “खरं सांगू का, माझे डोळे अधू झालेत. मला लहान दिसत नाही.”

राज एकदम गंभीर झाले. खुर्चीतून उठले, स्वतः पाणी दिलं. “अहो, आधी सांगायचं ना! मग तुमच्यापुरते मोठे ठेवा. प्रत्येकाच्या फोल्डरात वेगळी फाइल टाकता येते. बाकीच्यांचे लहान करून टाका, सोमवारपासून.” वर डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबरही दिला, आणि दुसऱ्या दिवशी “फोन केलात का?” म्हणून विचारलं. आता काय बोलणार कपाळ!

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बुधवारच्या मीटिंगमध्ये राजनी सगळ्यांसमोर, अगदी आपुलकीनं, सांगितलं की ज्यांना कुणाला मोठे ग्राफ लागत असतील त्यांनी मला येऊन भेटा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. किशोरनं मैनाकडे बघितलं. ती पेनाचं टोपण उघडत होती, लावत होती. मान वर केली नाही, बोलली नाही. नाहीच बोलणार, किशोरला वाटलं. मार्च महिन्यावर आलाय. डोळे गेलेत असं कोण आपणहून सांगेल? सोमवारी ग्राफ लहान होणार, बाईला रेघ दिसणार नाही, आठ-पंधरा दिवसांत कुठलंतरी यंत्र बंद पडणार आणि हिच्या हातून निसटणार. मग हेच राज, पाणी देऊन, आपुलकीनं, विचारणार: मॅडम, दिसत नाही का तुम्हाला?

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. सहा वर्षं जपलेली गोष्ट फोडायची तर तिचा मान जाणार, नाही फोडली तर तिची नोकरी जाणार. शेवटी शुक्रवारी चार वाजता, चहाच्या वेळी, त्यानं मनाचा हिय्या केला. मैना चहाच्या खोलीत एकटीच होती, आपला स्टीलचा डबा विसळत होती.

“मॅडम, एक बोलायचं होतं.”

“बोला ना, सर.”

“सोमवारपासून ग्राफ लहान होणार.”

“हो, मीटिंगमध्ये झालं ना.”

“नाही, म्हणजे मी तुमचे मोठे ठेवू शकतो. तुमच्या फोल्डरात एक फाइल टाकीन. राजसरांनासुद्धा कळणार नाही. तुम्ही बिलकुल काळजी करू नका.”

तिनं नळ बंद केला. “माझे? मला कशाला मोठे?”

किशोरनं दाराकडे बघून आवाज खाली आणला. “डोळ्यांसाठी.”

“कुणाच्या?”

“तुमच्या, मॅडम.”

मैनानं समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. चांगलं दहा फुटांवर होतं. “आजची तिथी सांगू? शुक्ल त्रयोदशी. खाली बारीक अक्षरात राहुकाळ दिलाय, तो पण वाचू का? चष्म्याचा नंबर दहा वर्षांत हललेला नाही माझा.” आणि ती हसायला लागली. “अहो सर, मला वाटायचं तुमचेच डोळे गेलेत! सगळे चेष्टा करायचे ना, तेव्हा मी पूजाला दटावायचे, राहू दे गं, काकांना लागतात मोठे. परवा मीटिंगमध्ये राजसर बोलले तेव्हा माझी मान वर होईना. म्हटलं, बिचाऱ्या गांगुर्डेसरांना किती ओशाळं झालं असेल.”

किशोरही हसला, पण अर्धवट. काहीतरी जुळत नव्हतं, आणि न जुळणारी गोष्ट सोडून देणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो म्हणाला, “मग ती इगतपुरीची रेघ? सहा वर्षांपूर्वी, श्रावणात? अकरा दिवस शून्य पाऊस, आणि तुम्ही ‘ठीक’ लिहिलं होतंत.”

मैनाचं हसू तिथल्या तिथं थांबलं.

“ते तुम्ही पाहिलं होतं?”

“मीच दुरुस्त केलं. तुम्ही पडद्याला तोंड लावून बसायचात. डोळे लाल असायचे. थेंब घालायचात. मला वाटलं, दिसत नाहीये.”

ती डबा पुसायला लागली. पुसून झाला तरी पुसत राहिली.

“सर, मी रडत होते,” ती म्हणाली. “त्या आषाढात आमचे हे घर सोडून गेले. ठाण्याला दुसरा संसार मांडला त्यांनी. घरात रडायची सोय नव्हती, खाली घरमालकीण, तिला सांगितलेलं दौऱ्यावर गेलेत म्हणून. इथं ग्राफ उघडला आणि तोंड पडद्यात घातलं की कुणी विचारत नाही. इगतपुरीचा यादीत वरच असायचा, तोच उघडायचे. रेघ सरळ होती का वाकडी, मला काय ठाऊक. थेंब तर लोकांना दाखवायला ठेवले होते, डोळे आलेत असं वाटावं म्हणून.”

“पण तुमचे मिस्टर दौऱ्यावर...”

“सहा वर्षं कुणी दौऱ्यावर असतं का हो?”

किशोरला बुधवारचा भाजीबाजार आठवला. दर बुधवारी तो तिला तिथं बघायचा. पावशेर भेंडी. एक कांद्याची पात. दोन टोमॅटो. सहा वर्षं पावशेर भेंडी. जिल्ह्याचे आकडे वाचणारा माणूस तो, आणि समोरची पिशवी त्याला वाचता आली नव्हती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कुठे बघावं कळेना.

“तुम्हाला दिसलं होतं म्हणजे,” मैना हळूच म्हणाली. “मला वाटायचं, कुणालाच दिसलं नाही. दिसलं होतं तर विचारायचं तरी, सर.”

“तुम्हाला अवघड वाटेल म्हणून...”

“वाटलं असतंच. अजून थोडी रडले असते. पण कुणालातरी सांगून झालं असतं ना माझं.”

किशोरनं उगाच नळ घट्ट बंद आहे का ते बघितलं.

“आणि मी तरी तुम्हाला कुठे विचारलं,” ती म्हणाली. “तुम्ही रोज सातला आमच्या खिडकीखालून जाता. चार वेळा मनात आलं, हाक मारावी, चहाला बोलवावं. पण तुमच्या त्या फाइलीत लिहिलेलं वाचलं होतं मी. विचारू नये. म्हटलं, ह्या माणसाचा स्वभावच असा आहे, ह्याला कुणी काही विचारलेलं नको असतं.”

ती डबा पिशवीत घालायला लागली तेव्हा किशोरच्या लक्षात आलं की पिशवीत तिचा कपही आहे, आणि खुर्चीवरची उशीही, आणि ड्रॉवरमधला तो छोटा आरसाही.

“आज शेवटचा दिवस माझा,” मैना म्हणाली. “राजसरांना सांगितलं होतं, गाजावाजा नको म्हणून. सटाण्याला जातेय. तिथं एका शेतकरी कंपनीत आकड्यांचंच काम मिळालंय. माय तिथं एकटी, मी इथं एकटी, दोन चुली कशाला? सहा वर्षं रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, ‘कशी शे?’ एवढंच विचारायची. दिवसभरात तेवढं एकच माणूस विचारायचं मला. तेवढ्यावर काढले दिवस.”

“कधी निघताय?”

“उद्या. भाऊ येतोय पिकअप घेऊन, ज्ञानेश.” मग ती थोडी थांबली. तो आणखी काही विचारेल म्हणून थांबली असावी. किशोरच्या तोंडापर्यंत खूप काही आलं. मदतीला येऊ का, सामान जड आहे का, सटाण्याचा पत्ता काय. बावन्नाव्या वर्षीही तीच सवय. त्यातलं एकही बाहेर पडलं नाही. “सांभाळून जा,” एवढंच तो म्हणाला.

ती गेल्यावर तो सर्व्हरच्या खोलीत आला आणि ती फाइल उघडली. चौदा बाय नऊ पुसून आठ बाय पाच लिहिलं. राज म्हणाले होते तसे खरंच दहा सेकंद लागले. मग वरची टीप दिसली. ही ओळ बदलू नये. का, ते विचारू नये. आपणच लिहिलेली, आपल्याच नावाची, सहा वर्षं अकरा जणांनी वाचलेली. ती पुसायला मात्र त्याला बराच वेळ लागला.

शनिवारी सकाळी सहालाच तो आंघोळ करून तयार होता. जायचं ठरवलं होतं. नुसतं जाऊन उभं राहायचं, एखादं खोकं उचलायचं. मग वाटलं, एवढ्या लवकर बरं दिसेल का? मग वाटलं, भाऊ काय म्हणेल, हा कोण? शर्ट बदलला. पुन्हा पहिला घातला. आठला तिच्या इमारतीखाली पोचला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला पडदा नव्हता. वॉचमन म्हणाला, “अहिरे मॅडम ना? गेल्या की तासापूर्वी. सामान होतंच किती, एका माणसाचं!”

तो उरलेला दिवस आणि रविवार किशोर कुणाशीही बोलला नाही.

सोमवारी ग्राफ लहान झाले. एकानंही काही म्हटलं नाही, कुणाच्या लक्षातच आलं नसेल. चांगल्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागत नाही आणि गेलेली तर कुणी मोजतही नाही. राज म्हणाले, नवीन माणूस मिळेपर्यंत अहिरे मॅडमचे ग्राफ तुम्ही बघा, डोळ्यांना ताण मात्र देऊ नका. किशोर तिच्या टेबलाशी जाऊन बसला. खुर्ची उशीविना कडक लागत होती. त्यानं इगतपुरी उघडलं. माघ महिना, तिथंही पाऊस नाही. सरळ आडवी रेघ, आणि या खेपेला खरी.

पोस्टकार्डाहून जरा मोठा ग्राफ. तो बघत राहिला. त्या रेघेसमोर ती अकरा दिवस बसली होती, आणि तो पंधरा पावलांवर, काचेआड, माप वाढवत होता. पंधरा पावलं! चष्म्याच्या काचा धूसर झाल्या म्हणून त्यानं चष्मा काढला. मग लोकांना दिसू नये म्हणून तोंड पडद्याजवळ नेलं, आणखी जवळ नेलं, आणि रुमाल शोधायला लागला.

“काका?” मागून पूजाचा आवाज आला. हातात चहाचा कप घेऊन ती उभी होती. “दिसत नाहीये का? मोठा करून देऊ ग्राफ?”

पोरगी किती मायेनं बोलली! आणि किती नेमकं चुकली, अगदी त्याच्यासारखी. किशोर दचकला. ‘हो गं, दे करून,’ म्हटलं असतं की संपलं असतं. तिनं एक ओळ लिहिली असती, ग्राफ पडदाभर झाला असता, ती समाधानानं निघून गेली असती, आणि तो पुढची सहा वर्षं मोठ्या ग्राफसमोर बसला असता. ते शब्द अगदी जिभेवर होते.

“दिसतंय मला,” तो म्हणाला. आवाज घोगरा निघाला. “सगळं दिसतंय. ग्राफ राहू दे तसाच. तू बस जरा.”

पूजानं शेजारची खुर्ची ओढली. त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आणि हातातला चहा न पिताच टेबलावर ठेवला.

“काय झालं, काका?”

इतकं साधं असतं ते. दोन शब्द. किशोरला कुठून सुरुवात करावी कळेना. वडिलांचा चष्मा, पावशेर भेंडी, शनिवारचा बदललेला शर्ट. त्यानं चष्मा पुसला, पण घातला नाही.

“तुला वेळ आहे ना?” त्यानं विचारलं.

“आहे की,” पूजा म्हणाली, आणि खुर्ची आणखी जवळ घेऊन बसली.